वाघाच्या पायांचा टब

लहवितच्या कुसाबाईनं त्या टबात जन्मात एकदाही आंघूळ केली नाही. तिची आंघूळ न्हाणीतल्या धोंड्यावर, बादलीभर पाण्यात, आणि तीही अशी झपाट्याची की केसांतलं पाणी निथळायच्या आत बाई चुलीपुढं हजर. पण टब मात्र असा राखायची, की त्यात मुंगी पडली तर उंबऱ्यातून दिसावी. भाताच्या खाचरात बगळा उभा असतो ना, चहूकडं चिखल आणि हा मधोमध पांढराफेक, तसं त्या टबाचं आतलं अंग तिच्या शेणानं सारवलेल्या पडवीत झळकायचं.

तो आला देवळाली कॅम्पातून. कुसाबाई तिथं एका पलटणीतल्या साहेबाच्या बंगल्यावर वरकामाला होती. तांबडं फुटायच्या सुमाराला रूळ ओलांडून कॅम्पात जायचं, झाडलोट, भांडी, मडमिणीची न्हाणी उरकायची आणि दुपारी परत येऊन शेतात निंदायला बसायचं, असा तिचा रिवाज. सिंहस्थाच्या सालात साहेबाची बदली निघाली. निघताना मडमिणीनं सगळ्या गड्यामाणसांना रांगेनं उभं केलं आणि सांगितलं, ज्याला घरातलं जे आवडेल ते त्यानं न्यावं. खानसाम्यानं भिंतीवरचं घड्याळ उचललं. आयाबाईनं आरसा घेतला. माळ्यानं वेताची खुर्ची डोक्यावर घेतली ती बंगल्याबाहेर जाईस्तोवर खाली ठेवली नाही, न जाणो मडमिणीचं मन फिरायचं. कुसाबाईनं न्हाणीकडं बोट दाखवलं.

मडमीण हसली. हसता हसता तिला ठसका लागला. खानसाम्यानं विचारलं, "बाई, येडी का खुळी तू? त्या लोखंडाच्या डोणीचं करशील काय?"

"करायचं काय नाय," कुसाबाई म्हणाली. "इतकी वर्सं त्याचं आंग म्या घासलं. उद्या येईल तो त्यात घोड्याला चंदी घालील. ते मला बघवायचं नाय."

खानसाम्यानं हे मडमिणीला कसं सांगितलं कुणास ठाऊक, पण तिचं हसू थांबलं. तिनं मान हलवली. टब कुसाबाईचा झाला.

बैलगाडी घेऊन नवरा आला. पुंजा तसा गरीब माणूस, पण तोंडानं फटकळ. टब ओतीव लोखंडाचा, आतून शुभ्र मिन्याचा, बाहेरून काळा, आणि खाली चार पाय होते ते वाघाच्या पंज्याचे, नख्यांसकट. चार गडी लावून तो गाडीत चढवला तेव्हा गाडीचा आस कण्हला.

"लोकांनी येचून येचून हलकं हलकं नेलं," पुंजा म्हणाला, "आन् मपल्या बायकोनं हत्ती आणला."

वाटेत जो भेटेल तो विचारायचा, "काय पुंजाबा, म्हसरांना हौद घेतला का?" पुंजा लाजेनं म्हणायचा, "व्हय व्हय, हौदच." आणि गाडीमागून चालणारी कुसाबाई मोठ्यानं सांगायची, "हौद नाय, टब हाय. मडमिणीचा."

पुढच्या दारानं तो घरात जाईना. मागल्या अंगानं पडवीत घेतला, न्हाणीच्या कडेला, अशा बेतानं की सांडपाणी केळींच्या बुडाशी जावं. तिथंच तो राहिला.

आता घरात भागीबाई होती. भागीबाई म्हणजे कुसाबाईची थोरली जाऊ. तिचं म्हणणं एकच: दिवेलागणीला घरात एवढं मोठं भांडं रिकामं असू नये, लक्ष्मी मागच्या पावली फिरते. म्हणून रोज दिवा लावला की ती मूठभर बाजरी टबात टाकायची. सकाळी बाजरीच्या वासानं कोंबड्या काठावर उड्या मारायच्या, आत उतरून नख्यांनी फरफर करायच्या आणि शिटून जायच्या. कुसाबाई झाडून काढायची, संध्याकाळी पुन्हा मूठ.

"भागीबाय, हा टब हाय, कणगी नाय."

"मंग रिकामा ठिवू? तुझ्या मडमिणीच्या घरी लक्ष्मी नसंल, आपल्यात असती."

दोघींचं दोन आठवडे बोलणं बंद होतं. शेवटी कुसाबाईनंच तोड काढली. एका मातीच्या बोळक्यात बाजरी घातली, त्याचं तोंड फडक्यानं बांधलं आणि ते टबात ठेवून दिलं. टब रिकामा राहिला नाही, कोंबड्याही यायच्या थांबल्या. भागीबाईला बोलायला जागा उरली नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

दिवाळीच्या तोंडावर, वाघाची पूजा करायच्या वाघबारशीला, गल्लीतल्या बाया टबाच्या पायांना कुंकू लावायला आल्या. वाघाचे पाय घरात असताना वाघबारस कोरडी कशी जाऊ द्यायची? कुसाबाईनं ना म्हटलं नाही. "पायांना काय लावायचं ते लावा," ती म्हणाली, "आत बोट घालू नका."

पण आत बोट घातलंच, आणि घालणारी बाहेरची नव्हती. त्याच दिवाळीची गोष्ट. सणाची भांडी काढली होती. कुसाबाई शेतात गेली, भागीबाई घरी. तिनं हंडे, घागरी, परात, सगळं चिंच आणि विटेचा भुगा लावून असं लखलखीत केलं की चेहरा दिसावा. मग तिच्या मनात आलं, जावेचा टबही करून टाकू, तेवढंच तिचं काम हलकं. मनात पाप काही नव्हतं. आपल्याकडं भांडं म्हटलं की चिंच, दुसरं कुणाला काय सुचणार? तिनं उरलेली चिंच टबाला चोळली, वरून विटेचा भुगा, आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावलं.

कुसाबाई आली. तळहात फिरवला. टबाच्या पोटात परातीएवढा पट्टा मेला होता. गाईच्या जिभेसारखा खरखरीत झालेला.

ती ओरडली नाही. पदरानं हात पुसत म्हणाली, "भागीबाय, म्हशीला आन् मांजरीला एकाच दाव्यानं बांधतात का? तांब्याला चिंच मानवती. ह्याला चावती."

भागीबाईचं तोंड एवढंसं झालं. नंतर तिनं टबाला हात लावला नाही, आणि त्याची टिंगलही थोडी कमी केली. थोडीच.

कॅम्पात मडमिणीकडं डब्यातली पांढरी भुकटी होती. लहवितात ती कुठून यायची? कुसाबाईनं आपलं आपणच बसवलं. गोवऱ्यांची राख जुन्या लुगड्यातून वस्त्रगाळ करायची, त्यात खडा म्हणून राहू द्यायचा नाही. रिठे भिजवून त्याचं पाणी करायचं. घासायला वाळल्या घोसाळ्याची जाळी. मेलेल्या पट्ट्यावर मळ लवकर धरायचा, तिथं हात हलका आणि दोनदा. पहिल्यांदा कोरड्या फडक्यानं धूळ उचलायची, पाण्याचा थेंबही लावायचा नाही, कारण धूळ भिजली की तिचा चिखल होतो, आणि चिखल घासला की चरे पडतात. काठावर मिना उडाला होता तिथं गोडेतेलाचं बोट. मग धुणं, मग कोरडं करणं, मग वर झाकायला बांबूचा तट्ट्या. दर बाजाराच्या दिवशी हे व्हायचं म्हणजे व्हायचंच. पेरणी असो, काढणी असो, अंगात ताप असो.

पाणवठ्यावर बाया डिवचायच्या. "कुसाबाय, त्यात न्हातं कोण? मंग घासतीस कशाला वं?"

"देवळातला नंदी नांगर वढतो का?" ती घागर कमरेवर घेत विचारायची. "मंग त्याला कशाला धुता?"

टबात पहिली आंघूळ झाली ती भागीबाईच्याच पायी. तिच्या थोरल्या लेकीचा दिवाळसण होता. जावई यायचा होता आणि त्याच्यापुढं काहीतरी झोकात करून दाखवायचं होतं. भागीबाई दोन दिवस कुसाबाईच्या मागंपुढं करत राहिली. शेवटी म्हणाली, "तुझ्या त्या हौदात जावयाला बसवलं, तर झिजंल का गं?"

"हौदात नाय बसवायची. टबात बसवीन."

"बरं बाई, टबात."

जावई टबात बसला आणि गावभर झाला. पुढच्या वर्षापासून भावकीतल्या कुणाच्या नव्या जावयाचा दिवाळसण असला, की दिवाळीची पहिली आंघूळ कुसाबाईच्या टबात, असं ठरूनच गेलं. लोक टब मागून न्यायला यायचे. कुसाबाईचा जबाब ठरलेला, "टब जायचा नाय, जावई घेऊन या." बसल्या पाण्यात न्हाणं म्हणजे म्हशीचं डुंबणं, हे म्हाताऱ्यांना पटेना. तेव्हा शेवटी डोक्यावरून दोन तांबे स्वच्छ पाणी घ्यायचं, म्हणजे आंघूळ शुद्ध, असा त्यांनीच निवाडा दिला. वर्षातून एक जावई, फार तर दोन. बाकी वर्षभर टब आपला तट्ट्याखाली, पोटात बोळकं घेऊन.

मग कुसाबाईच्या लेकीचं, चांगुणेचं लग्न झालं. बागलाणात, सटाण्याच्याही पलीकडं, माळावरच्या एका गावात दिली. जावयाचं नाव यादव. उंचापुरा, हसरा, मिशांना पीळ देणारा आणि हट्टी. बोलायचा अहिराणी. लहवितच्या बायांना ती ऐकायची भारी हौस. तो नुसतं "काय शे?" म्हणाला, तरी त्या पदर तोंडाला लावायच्या.

दिवाळसणाला जावयानं रुसायचं असतं. रुसून बसायचं, मागायचं ते मागायचं, ते मिळाल्याबिगर उठायचं नाही. उठला की रुसवा फिटला. पण मागितलेलं दिलं नाही तर तो बोल जावयाला लागत नाही, लेकीला लागतो. वर्षभर सासरी ऐकून घ्यावं लागतं, तुझ्या बापाच्या घरी काय मिळालं ते आम्ही पाहिलं. म्हणून पुंजानं आधीच अंगठी करून कनवटीला लावली होती. अंगठी मागितली तर अंगठी, धोतरजोडी मागितली तर तीही ट्रंकेत होती.

चतुर्दशीची पहाट. थंडी अशी की बैलांच्या नाकातून धूर. कुसाबाईनं चुलाणावर हंड्यामागून हंडा तापवला. पहिला हंडा टबात ओतला की तो लोखंडच पिऊन टाकतं, माणसाच्या वाट्याला दुसरा येतो, हे तिला ठाऊक होतं. टब भरला, यादव पंचा नेसून आत बसला, छातीपर्यंत ऊन पाणी. भागीबाईनं डोक्याला तेल घातलं, चांगुणेनं पाठीला उटणं चोळलं. यादवानं डोळे मिटले. वाफेत नुसत्या मिशा दिसत होत्या.

"उठा आता, जावईबापू," भागीबाई म्हणाली. "ववाळायचं हाय."

यादव उठेना.

बायांना कळलं, रुसला. सगळ्या पडवीत गोळा झाल्या. पुंजानं कनवटीला हात घातला. "काय, अंगठी का?"

"नही."

"मंग धोतरजोडी?"

"नही." यादवानं टबाच्या काठावर तळहात थापटला. "माले हाऊ टबच जोयजे."

 पडवीत एकदम सगळ्याच बाया बोलायला लागल्या.

"आगं बया, टब?" भागीबाई कडाडली. "आन् पुढल्या दिवाळीला मपल्या धाकटीचा नवरा कुठं बसवू? चुलाणावर?"

पुंजा बायकोच्या कानाशी आला. "देऊन टाक. जाऊ दे एकदाचा हत्ती. पोरीचा पहिला सण हाय."

 कुसाबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला. देणं अवघड नव्हतं, म्हणजे तसं होतंच, छातीवरचा दगड उचलून द्यावा तसं होतं, पण लेकीपुढं टब काय? तेवढ्यात ओवाळायचं ताट घेऊन उभी असलेली चांगुणा तिला चिकटून उभी राहिली आणि खालच्या आवाजात बोलली, "आये, देऊ नको गं. तिथं पाणी मी डोक्यावर आणती, लांबच्या झिऱ्यावरनं. ह्यो आला तर भरायचा बी मी आन् घासायचा बी मी. माणसं बघायला येतील, मिशीला पीळ ह्यांच्या, आन् पाठीची कमान मपली."

"नाय दिला तर?"

"तरी बी मपलीच पाठ," चांगुणा म्हणाली. "वर्सभर टोचत्याल. आता तूच बघ."

कुसाबाईनं लेकीकडं बघितलं. मानेवर घागरींचा घट्टा पडायला लागला होता, लग्नाला वरीसही झालं नव्हतं. मग तिनं पदर खोचला.

"उठू नका, जावईबापू," ती म्हणाली. "रुसायचं तर बसूनच रुसावं, घाई नाय. पण मपलं एक हाय. तेल आन् हळद ऊन हाय तवर सुटती. निवली की टबाला धरती, मंग आठ दिस घासा. तुम्ही रुसा, मी मपलं काम करती."

आणि तिनं वाकून, त्याच्या पायाशी हात घालून, चिंध्या गुंडाळलेलं बूच उपटलं.

पाणी केळींकडं निघालं. आधी छाती उघडी पडली, मग पोट, मग मांड्या. यादवाला वाटलं, गंमत आहे. तो हसला, मिशीला पीळ दिला. कुसाबाईनं रिठ्याचं पाणी घेतलं, घोसाळ्याची जाळी घेतली आणि काठापासून घासायला लागली.

"पाय उचला. हां. आता ह्यो. जरा तिकडं सरका, पाठीमागं पिवळं राहिलं."

ऊन पाणी गेलं की ओतीव लोखंड कसं पडतं, हे ज्यानं पहाटेचा टब घासला त्यालाच ठाऊक. ते नुसतं गार होत नाही, अंगातली ऊब ओढून घेतं. यादव आखडला. कुसाबाईनं रांजणातलं शिळं पाणी तांब्यात घेतलं आणि टबाच्या कडेकडेनं सोडलं. ते घरंगळत घरंगळत त्याच्या बुडाखाली आलं.

"हाईss!" यादव अर्धा उचलला गेला. मग रुसल्याचं ध्यानात आलं, पुन्हा बसला.

"आगं, जावई हाय तो!" पुंजा म्हणाला.

"जावई हाय, म्हणून तर आंगावर नाय वतलं."

बाया पदरात हसत होत्या. एकीला उभं राहवेना, ती उखळावर बसली. कुसाबाईच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. ती खरंच घासत होती. मेलेल्या पट्ट्यावर हात हलका, दोनदा. पुन्हा एक तांब्या. यादवाच्या अंगावर काटा उभा राहिला होता, ओठ जांभळे, आणि मिशांचा पीळ सुटून त्या खाली लोंबत होत्या.

"मामी," तो म्हणाला. दात वाजत होते. "मामी... माले... घोंगडी..."

कुसाबाईचा हात थांबला. "काय म्हणलात? मोठ्यानं बोला. चौघींच्या कानांवर जाऊ द्या. जावयाचं मागणं हाय."

"घोंगडी जोयजे माले!" यादव ओरडला. "थंडी वाजी राहिनी!"

"दिली!" कुसाबाई म्हणाली.

चांगुणा ताट ठेवून धावली आणि बापानं सिन्नरच्या बाजारातून आणलेली नवीकोरी काळी घोंगडी घेऊन आली. ती अंगावर पडायच्या आत यादव उठून उभा होता. भागीबाईनं घाईघाईनं दोन तांबे ऊन पाणी त्याच्या डोक्यावर ओतले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मागितलं, मिळालं, उठला. रुसवा फिटला. ववाळा गं!"

यादव बघतच राहिला. आधी टबाकडं, मग सासूकडं, मग अंगावरच्या घोंगडीकडं. भला माणूस होता. त्याला हसू फुटलं ते आवरेना. घोंगडीत लपेटून चुलाणापुढं बसला आणि करंजी तोंडात कोंबत बायकोला म्हणाला, "तुनी माय भारी शे गं. घर जाईसन काय सांगू मी?"

"सांगा, घोंगडी मागितली, घोंगडी दिली," चांगुणा म्हणाली. "खोटं काय त्यात?"

पुंजानं अंगठीही त्याच्या बोटात घातली. ती मागितली नव्हती, त्यामुळं सासरी तिचा बोलबाला घोंगडीपेक्षा जास्त झाला, आणि चांगुणेला कुणी काही टोचलं नाही.

त्या दिवाळीनंतर लहवितच्या जावयांत एक रीत पडली. काय मागायचं ते टबात पाय घालायच्या आधी मागून मोकळं व्हायचं.

त्या दिवशी मात्र सगळे फराळाला बसले तरी कुसाबाई पडवीतच होती. ऊन वर आलं होतं. यादव बसला होता तिथं हळदीचा एक पुसट चट्टा राहिला होता, हळदीचा डाग उन्हानंच उडतो, म्हणून ती पडवीच्या छपराची टबावरची झावळी वर सारत होती.

"ये की आता," आतून पुंजा ओरडला. "चहा निवला."

"पिवून टाका तुम्ही," ती म्हणाली, आणि कोरडं फडकं शोधू लागली.